कडक भाकरी आणि बावीस शिडं

ये, बस इथं. दार लोटून घे आधी, नाहीतर काकू ऐकतील आणि सगळं पहिल्यापासून सुरू होईल.

काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि अंधारात एकटीच हसत बसले. जूनमध्ये दादाकडे बर्गनला चाललीस हे माहीत होतं. पण तिथून शिडाच्या जहाजानं शेटलंडला? आणि वर मलाच विचारतेस, "ताई, मला जमेल का गं?" बरोबर आहे, मला नाही तर कुणाला विचारशील! सोलापूरच्या सगळ्या साखर पेठेत हा उद्योग आपल्याच घरानं केलाय. मी गेले तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. पोहता येत नव्हतं. समुद्र म्हणशील तर दोनदा अलिबाग, एकदा गणपतीपुळे, तोही गुडघ्यापर्यंत.

तर ऐक. ह्याला सहल म्हणायचं नाही. आपण पैसे भरून कामाला जातो. जहाजावर पगारी खलाशी असतात, कप्तान असतो, पण दोर ओढायचे, सुकाणू धरायचं, डेक घासायचा, हे सगळं आपल्याकडून करून घेतात. माझं बघितलेलं, तुझंही तेच, 'स्टाट्सरोड लेमकूल'. नाव ऐकून दचकू नकोस. स्टाट्सरोड म्हणजे मंत्री. लेमकूल नावाच्या माजी मंत्र्यानं खटपट करून 1921 मध्ये ते बर्गनला आणलं. मूळचं जर्मन, 1914 मध्ये ब्रेमरहाफेनला बांधलेलं. पोलादी आहे. लांबी 98 मीटर, तीन डोलकाठ्या, 22 शिडं. आपल्या नौदलाची 'तरंगिणी' आहे ना, गोवा शिपयार्डात बांधलेली, 1997 ची, तीही ह्याच घडणीची: पुढच्या दोन काठ्यांवर आडवी चौकोनी शिडं, मागच्या काठीवर उभी. तरंगिणीनं 2003-04 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण तिच्यावर शिकायचं तर नौदलात भरती व्हावं लागतं. तुझं ते वय गेलं, माझं तर विचारूच नकोस.

चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. तीन गट, एकामागून एक. रात्री बारा ते चारही त्यातच आलं. मला हे समजावून सांगत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजोबा. लक्ष्मी-विष्णू गिरणीत तिसऱ्या पाळीला जायचे, भोंगा झाला की आजी डबा बांधायची. अगं, ही गिरणीच आहे, फक्त पाण्यावर. इथं भोंगा होत नाही, कुणीतरी येऊन तुझी झोळी हलवतं.

हो, झोळी. डेकखालच्या लांबलचक दालनात शे-दीडशे झोळ्या शेजारी शेजारी टांगतात. जहाज कललं की सगळ्या एकदम कलतात, सगळे घोरणारे एका तालात. लहानपणी आपण सगळ्या झोळीत झोपलो, पण तेव्हा आत ठेवायला कुणीतरी होतं. आता वरचा दांडा घट्ट धरायचा, आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. मी पहिल्यांदा गुडघा टाकला आणि पलीकडून बाहेर पडले. शेजारच्या आजीबाई सत्तरीच्या होत्या, त्यांनी मला उचललं.

बॅग भरायला घेशील तेव्हा काकू सोलापुरी चादर घालायला लावतील. घालू देऊ नकोस. मी नेली होती. मोठ्या कौतुकानं, मानांकन मिळालेली आपली चादर म्हणून. अर्धी बॅग तिनंच खाल्ली, एकदा भिजली ती चार दिवस वाळली नाही. सुती कपडा भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो. सोलापूरच्या बाईनं हे म्हणणं म्हणजे पाप आहे, पण सुती टाळ. आत लोकरीचे पातळ कपडे, एकावर एक, वरून वारा आणि पाणी अडवणारं जाकीट, लोकरीची टोपी, तीन-चार जोड लोकरी मोजे. आपल्याकडे मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीसला अंग भाजतं आणि तिथं जूनमध्ये भर दुपारी दात वाजतात. आपला टॉवेल मात्र ने. आपल्यासारखा टॉवेल तिथं नाही, हे मी आजही म्हणेन.

मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या दादाच्या कपाटात. चालत्या दोरात अंगठी अडकली तर बोट जातं. हे काकूंना सांगायचं नाही, मी सांभाळून घेईन. केस घट्ट बांध, नखं काप.

आणि ती दुसरी पाळी. तारखेचा हिशेब आताच कर. जहाजावर स्वच्छतागृहं नीट असतात, पण डोलत्या जहाजात, अंगावर चार थर चढवून, ते काम सोपं नाही. जे वापरायची सवय आहे तेच भरपूर ने, नवा प्रयोग तिथं नको. त्रास झाला तर गटाच्या प्रमुखाला सरळ सांग. मी लाजून गप्प बसले आणि पोटात कळा येत असताना चार तास उभी राहिले. कुणी विचारलं नाही, कारण मी सांगितलंच नव्हतं.

आता मळमळीचं. तू गड्ड्याच्या जत्रेत त्या झुलत्या होडीत बसून भेळ ओकली होतीस, मला आठवतंय. मी धरली होती तुला. म्हणून आधीच सांगते, समुद्र लागणार. लागू दे. औषध डॉक्टरांना विचारून घे आणि जहाज सुटायच्या आधी घे. मळमळायला लागल्यावर गोळी पोटात टिकत नाही. डेकवर उघड्यावर राहा, लांब क्षितिजाकडे बघ, मोबाइलकडे बघू नकोस. खाली झोळीत जाऊन पडलीस तर जास्त होतं. आणि ओकायचंच झालं तर वारा जिकडे जातोय त्या बाजूला जा. मी उलट्या बाजूला गेले होते. पुढचं सांगत नाही.

रिकामं पोट मात्र ठेवू नकोस. इथंच आपली कडक भाकरी. आधी मीही हसले होते, आईनं ज्वारीच्या वाळवलेल्या भाकरीची चवड बांधून दिली तेव्हा. पहिल्या रात्री तिथल्या स्वयंपाकघरातून माशाच्या सुपाचा वास आला आणि मी कठड्याकडे धावले. मग एक तुकडा भाकरी चघळत बसले, हळूहळू, पापडासारखी. तेवढंच पोटात राहिलं. पूर्वीच्या खलाशांचं कोरडं बिस्किट म्हणजे तरी दुसरं काय होतं? शेंगाची चटणी ने, पण डबा उघडण्याआधी गटात विचार, कुणाला शेंगदाणा सोसत नाही का. तिकडे ते गंभीर असतं. तूप, पेढे, खवा नेऊ नकोस, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

व्हिसाचं विसरू नकोस, ह्यात माणसं फसतात. नॉर्वेला शेंगेन. शेटलंड ब्रिटनमध्ये, म्हणून ब्रिटनचा वेगळा. आणि परत बर्गनला यायचं, म्हणजे शेंगेन एकापेक्षा जास्त वेळा आत शिरता येईल असाच माग.

शेटलंडची गंमत माहीत आहे का तुला? 1469 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजानं पोरीचं लग्न स्कॉटलंडच्या राजाशी लावलं आणि हुंड्याचे पैसे जमेनात म्हणून ही बेटं गहाण ठेवली. ती काही सुटली नाहीत. आणि आपली मुंबई? तीही 1661 च्या तहात पोर्तुगीज राजकन्येबरोबर आंदणच गेली. लेरविकच्या धक्क्यावर उभं राहून मी हे मनातल्या मनात म्हणत होते. बायकांच्या लग्नात बेटं देतात, आणि आपल्याला एक आठवडा सुट्टी मागायला तीन महिने लागतात.

बाबा काय म्हणाले, "मुलीच्या जातीनं"? त्यांना सांग, 2017 मध्ये आपल्या नौदलाच्या सहा बायका 'तारिणी' घेऊन गोव्याहून निघाल्या आणि 2018 च्या मे महिन्यात जगाला वळसा घालून गोव्यालाच आल्या. पंचावन्न फुटांची होडी, दिवाडी बेटावर बांधलेली. आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये 'त्रिवेणी' मुंबईहून निघाली, तिची प्रमुख लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर, मराठी नाव आहे म्हणावं. तुझी तर दोन-तीन दिवसांची वाट आहे, शंभरावर माणसांच्या सोबतीनं. नाही पटलं तर मला फोन लावून दे.

आता खरं काम. ह्या जहाजावर बहुतेक सगळं हातानं ओढतात. एक आडवं शिड फिरवायचं तर पंधरा-वीस माणसं एका दोराला. हुकूम आला की ओढायचं, थांब म्हटलं की त्या क्षणी थांबायचं. ताकद लागते, पण त्याहून कान लागतात. पहिल्या दिवशी चार दांडगे पोरगे आपापल्या जोरानं ओढत होते, दोर हलेना. मग सगळ्यांनी एका दमात ओढला आणि आला. दोर कधी हातातून सरकू द्यायचा नाही, साल निघते. एका हातामागून दुसरा हात. आणि डेकवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. गिरणीत पट्ट्याजवळ पदर नेत नाहीत ना, तसंच.

दुसऱ्या दिवशी गाठी शिकवायला बसवलं. शिकवणारी पोरगी असेल चोवीस-पंचवीसची. दोन दोर जोडायची गाठ दाखवत होती: एका दोराची घडी, दुसरा खालून वर, घडीच्या मागून फिरवून स्वतःच्याच खाली. मी बघतच राहिले. अगं, ही तर मागावरची! बीमचा तार तुटला की तुझे बाबा दोन बोटांत जी मारायचे, धोटा थांबतोय न थांबतोय तोवर. इंग्रजीतही तिला विणकराचीच गाठ म्हणतात, जाड दोरात मारली की नाव बदलतं, शीट बेंड. मी न बघता मारली. त्या पोरीला वाटलं, ही बाई खोटं सांगत होती की मला काही येत नाही म्हणून. तुमचे माग विकले तेव्हा तू दहावीत होतीस, म्हणजे तुलाही ती येत असणारच. सोबत एक बोलाइन शिकून जा, न सरकणारा फास. बाकीचं तिथं शिकवतात.

सुकाणू हाती येईल तेव्हा घाई करू नकोस. भलं मोठं चाक, समोर होकायंत्र. फिरवलं तरी जहाज लगेच ऐकत नाही, सासरच्या माणसांसारखं. आपण वैतागून आणखी फिरवतो आणि मग ते एकदम भलतीकडे वळतं. थोडं फिरव, वाट बघ, परत आण. आमची वाट मागे वळून पाहिली तर पाण्यावर साप काढल्यासारखी दिसत होती.

डोलकाठीवर चढायची सक्ती नाही. चढलीसच तर पट्टा बांधून, वारा येतो त्या बाजूनं. म्हणजे वारा तुला दोरांवर दाबून धरतो. हात उभ्या दोरांना, पायाखालच्या आडव्या पायऱ्यांना नाही. मी पहिल्या मचाणापर्यंत गेले आणि तिथूनच खाली आले. वर जायचं धाडस झालं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. सराव मात्र कर. आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारी माणसं किती आधीपासून सराव करतात! दीड महिना रोज जिने चढ, दांड्याला लटक, बादल्या उचल. जमलं तर कुलाब्याला किंवा गोव्याला दोन दिवस शिडाच्या छोट्या होडीवर बसून ये, वारा कुठून येतो हे मानेला कळायला लागतं. पोहणं शीक, चांगलंच आहे, पण तिथलं पाणी इतकं गार की खरी युक्ती न पडणं हीच.

आणि बारा ते चारची पाळी कुणाशी बदलून घेऊ नकोस. सगळे ती टाळतात. जूनमध्ये तिकडे पुरता अंधार होत नाही, शेटलंडचे लोक त्या उजेडाला 'सिमर डिम' म्हणतात. राखाडी, दुधाळ, आपल्याकडे पहाटे पाचला सिद्धेश्वर तलावावर असतो तसा, पण तासन् तास. मी पुढं नाळेवर टेहळणीला उभी होते. काम एवढंच, दिवा दिसला तर ओरडून सांगायचं. एक तास काही दिसलं नाही. कुणी काही मागत नव्हतं, कुणाला चहा नको होता, कुणाचा डबा नव्हता. मग डावीकडे एक बारीक दिवा दिसला, मासेमारीची होडी असावी. मी मराठीत ओरडले, "दिवा, दिवा!" आणि मागच्या माणसाला बरोबर कळलं.

अगंबाई, साडेदहा झाले की. थांब, जाऊ नकोस. तो टॉवेलांच्या गठ्ठ्याचा सुतळीचा तुकडा दे इकडे, आणि तो दुसरा. हं. एकाची घडी घाल. आता बघू, तुझ्या बाबांची गाठ मार. नाही, समोरून नको, मागून फिरव. हां. आता ओढ.