ब्रिज पिकअप बदलण्याआधी

प्रश्न : माझ्या स्ट्रॅटोकास्टरचा ब्रिज पिकअप फार कर्कश वाजतो. त्या जागी कोणता बसवावा?

उत्तर : आधी खिशात हात घालू नका. १९५४ सालच्या मूळ स्ट्रॅटमध्ये ब्रिज पिकअपला टोनचा नॉब जोडलेलाच नव्हता; आजही अनेक गिटारींत तसंच असतं. स्विचवर एक छोटी वायर सोल्डर केली, की दुसरा टोन नॉब ब्रिजवरही चालतो. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

तरीही आवाज पातळ वाटला, तर जास्त वेढ्यांचा सिंगल कॉइल घ्या. ब्रिजजवळ तार कमी थरथरते, म्हणून ती कसर वेढ्यांनी भरून काढायची. साधारण ७ ते ८ किलोओहमचा पुरे. मात्र या आकड्यावर भाळू नका. वेढ्यांच्या तारेची जाडी किंवा चुंबक बदललं की तो फसवतो. सिंगल कॉइलच्या मापाचा हमबकर गुणगुण घालवतो खरा, पण स्ट्रॅटची खणखणीत धारही बोथट करतो. जबर डिस्टॉर्शन वाजवत नसाल, तर मी तो सुचवणार नाही. दुकानदाराला एवढं नक्की विचारा, की मधल्या पिकअपशी नव्या पिकअपची फेज जुळते का? नाहीतर दोन्ही एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, नाकातला येईल.