संगणकावरील रुमाल

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, हे वाचकांस ठाऊक आहेच. सुटा कागद गहाळ होतो. रुमालातील कागद एकत्र राहतात व एका हातातून दुसऱ्या हाती सुखरूप जातात. संगणकावरील ‘झिप’, ‘रार’, ‘टार’ हे असेच रुमाल होत.

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. परंतु गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींच्या घरी जुनी पत्रे व हिशेबाचे कागद असतात. समजा, हरणी येथील अशा एका कुटुंबाने दोनशे कागदांची छायाचित्रे घेऊन ती पुण्यातील मोडीच्या अभ्यासकाकडे धाडावयाचे ठरविले. दोनशे सुट्या संचिकांपेक्षा एक गठ्ठा धाडणे केव्हाही सोयीचे.

बांधणे व दाबणे ही दोन निराळी कामे आहेत. युनिक्स प्रणालीतील ‘टार’ केवळ बांधतो. अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी १९८९ साली आणलेला ‘झिप’ दोन्ही करतो. दाबण्याची मूळ युक्ती लेम्पेल व झिव या संशोधकांनी १९७७ साली मांडली : तोच मजकूर पुन्हा आला की तो न लिहिता ‘मागे अमुक ठिकाणी पाहा’ एवढीच खूण करावयाची. आपले जुने कारकून ‘सदर’ लिहून श्रम वाचवीत, त्यातलाच हा प्रकार. मराठी मजकूर यामुळे पुष्कळ आकसतो. छायाचित्रे मात्र ‘जेपेग’ स्वरूपात आधीच दाबलेली असतात; गठ्ठ्याचा आकार फारसा घटला नाही, तर काही चुकले असे समजू नये.

‘रार’ उघडता पुष्कळांस येतो, पण तयार करण्यास परवान्याची आज्ञावली लागते; म्हणून ‘झिप’ बरा.

खरा घोटाळा नावांचा होतो. ‘झिप’ जन्मला तेव्हा त्यात देवनागरीची सोय नव्हती. युनिकोड नावांची रीतसर तरतूद २००६ साली झाली. जुन्या आज्ञावलीत आजही ‘आजोबांचे पत्र’ या नावाऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. प्रस्तुत लेखकाकडे एकदा असा गठ्ठा आला होता. कोणते छायाचित्र कोणत्या पत्राचे, हे लावण्यात दोन दिवस गेले. यास्तव संचिकांना ००१, ००२ असे क्रमांक द्यावेत आणि कोणत्या क्रमांकाचा कागद कोणता, याची मराठी यादी त्याच गठ्ठ्यात ठेवावी.

‘झिप’ची अनुक्रमणिका गठ्ठ्याच्या शेवटी असते. धाडताना वीज गेली व शेपूट तुटले, तर बहुधा सारा गठ्ठाच उघडत नाही. प्रत्येक संचिकेबरोबर एक ताळाही नोंदलेला असतो. आज्ञावलीतील ‘चाचणी’ हा पर्याय निवडला असता ताळा जुळतो की नाही हे कळते. हे काम क्षणाचे आहे, आणि नेमके तेच टाळले जाते. परवलीचा शब्द घातल्यास तो दूरध्वनीवरून सांगावा. तो घालूनही ‘झिप’मधील संचिकांची नावे सामान्यतः उघडीच राहतात, हे ध्यानी असावे.

पुण्याच्या अभ्यासकाने गठ्ठा सोडवून दोनशेही छायाचित्रे उघडल्याचे कळवीपर्यंत हरणीच्या संगणकावरील मूळ संचिका खोडू नयेत. कागद तर त्यानंतरही टाकू नयेत.