आधी खुर्चीवर बस, मग ड्रिल काढ

बापू, कचेरीतली हवा मोजायच्या सेन्सरचं खोकं आलं आणि उद्याच भिंतींना भोकं पाडायची तुझी घाई. थांब जरा. या जिल्ह्यातल्या तीन कचेऱ्यांत मी नाझर होतो. पंखा घुरघुरतो, कूलर गळतो, एसीखाली मान धरते, सगळी गाऱ्हाणी माझ्याच टेबलावर यायची.

सगळे सेन्सर आज रात्रभर एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेव. सकाळी वाच. त्याच हवेत एक ३१ अंश सांगेल, दुसरा ३२. तो फरक वहीत लिही, नाहीतर उद्या दोन खोल्यांतला फरक म्हणून तोच साहेबांना दाखवशील.

मग एक दिवस नुसता बस. अकराला, तीनला, साडेपाचला. मे महिन्यात आपल्याकडची पश्चिमेची भिंत दुपारभर ऊन पिते आणि संध्याकाळी आत ओकते. तिच्यावर ठोकलेला सेन्सर भिंतीचा ताप सांगेल, खोलीचा नाही. हाताची पालथी बाजू लावून पाहा, कळतं. आतली भिंत निवड. वायरच्या पाइपातून भिंतीतली हवा सेन्सरच्या पाठीत शिरते, ते भोक लांबी भरून बुजव. झेरॉक्स मशीन आणि चहाची शेगडी यांच्यापासून लांब राहा, हे काय सांगायचं!

उंची मात्र ऐक. आपले वायरमन जिथे बोर्ड तिथेच सगळं लावतात, नाहीतर कपाटावर. माणूस बसतो खाली. अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे संस्थेचं ५५ क्रमांकाचं मानक बसलेल्या माणसासाठी तीन उंच्या धरतं: ०.१, ०.६ आणि १.१ मीटर. म्हणजे घोटा, कंबर, डोकं. एकच लावणार असशील तर डोक्याची धर. स्प्लिट एसीचा स्वतःचा सेन्सर वर, हवा ओढणाऱ्या तोंडाशी असतो. रिमोटवरचे २४ अंश खुर्चीपर्यंत उतरतातच असं नाही.

आता कूलर. वऱ्हाडात कचेरी म्हटली की खिडकीत कूलर आलाच. त्याच्या झोताखाली लावलेला सेन्सर मेभर खूश असतो. पण कूलर हवा गार करतो ती ओली करून. समोरची खिडकी बंद असेल तर ओल बाहेर जाणार कुठून? ती कोपऱ्यात साचते आणि आधी कळते ती दप्तरखान्यात, फायलींच्या वासावरून. म्हणून आर्द्रतेचा एक सेन्सर कूलरपासून सगळ्यात लांबच्या टेबलाजवळ हवाच. आणि मृग लागला तरी काहीजण कूलर बंद करत नाहीत; बाहेरचीच हवा ओली, मग तो गार काय करणार? तेव्हा नुसता तापमानाचा आकडा पाहून चिकचिक कळायची नाही.

वरच्या मजल्यावर आणखी एक गंमत. हवा ३२ म्हणते आणि लोकांची टाळू तापते. तो स्लॅबचा शेक. टेबलटेनिसचा चेंडू काळा रंगव, त्यात सेन्सरचं टोक घाल, आणि उघड्या सेन्सरशेजारी टांग. चेंडूतला आकडा उघड्याच्या जितका पुढे, तितका शेक जास्त. मग एसी वाढवण्याआधी गच्चीला चुना मारायला सांग.

बैठकीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लाव. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, तीच तीच फिरवतो. बाहेर साधारण ४२० पीपीएम असतं. आत हजाराच्या वर गेलं की समज, खिडकी उघडायची वेळ झाली. फक्त कोणाच्या तोंडासमोर नको, हातभर तरी लांब. आणि खिडकीतही नको.

एका कचेरीत थर्मामीटर साहेबांच्या खुर्चीमागे, एसीच्या झोतात होता. वर्षभर नोंदी उत्तम. बाहेर पत्र्याखालच्या बाकावर फेरफारासाठी आलेली माणसं टोपीनं वारा घेत बसलेली असायची, तिथे कोणी काही लावलं नाही. मीही नाही, खरं सांगतो. तुझ्या खोक्यात किती आहेत? सहा? एक त्या बाकाजवळ लाव. साहेब विचारतील, लोक तर तासभरच बसतात ना? वही घेऊन जा आणि किती वेळ बसतात तेही मोज.