माकणीच्या भाच्यास, परसातल्या कासवाबद्दल



तू पाठवलेले तिन्ही फोटो मामाने नीट पाहिले. पहिल्यात कासव वालाच्या वेलाखाली, चिखलात अर्धं रुतलेलं. दुसऱ्यात ते आजीच्या परातीत, पाठीवर हळद-कुंकू आणि पुढ्यात दुधात भिजवलेली भाकरी. तिसऱ्यात गल्लीतली पोरं भोवती जमलेली आणि एक जण काडी घालून त्याची मान बाहेर काढायच्या खटपटीत. पहिला फोटो झकास आहे. हे पत्र उरलेल्या दोन फोटोंसाठी.

आधी आलंय कोण ते ओळखून घे. पाठ दगडासारखी टणक नाही, वर मऊ कातडं आहे. रंग हिरवट तपकिरी. नाकाचा शेंडा छोट्या सोंडेसारखा पुढे आलेला. पोटाच्या बाजूला मागच्या पायांपाशी कातडीच्या दोन झडपा असतात, पाय आत ओढले की त्या मिटतात. शास्त्रज्ञ त्याला लिसेमिस पंक्टाटा म्हणतात. भारतात, पाकिस्तानात, नेपाळात, बांगलादेशात आणि श्रीलंकेत नद्या, तळी, कालवे, भातखाचरं अशा सगळीकडे ते राहतं. बेडूक, मासे, गोगलगायी, किडे, पाणवनस्पती, मेलेलं जनावर, त्याला काहीही चालतं. दूध आणि भाकरी मात्र त्याच्या खाण्यातली नव्हे. आजीची माया समजू शकते, पण घाबरलेलं रानटी जनावर परातीत जेवायला बसत नाही. दूध त्याच्या अंगाखाली नासतं, एवढंच होतं.

ते तुमच्याच परसात का आलं, हा तुझा प्रश्न चांगला आहे. माकणीत कासव निघालं तर नवल नाही; निम्न तेरणा धरण गावाला लागूनच आहे. तेरणेचं पाणी मांजरेला जातं, मांजरा गोदावरीला, आणि या सगळ्या खोऱ्यात तळी, ओढे, शेततळी पसरलेली आहेत. हे कासव पाण्यातलं असलं तरी पाण्याला बांधलेलं नाही. उन्हाळ्यात तळं आटलं की ते चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पाऊस येईपर्यंत हालचाल कमी करून तसंच पडून राहतं. मराठवाड्यासारख्या दुष्काळी मुलखात ते टिकून आहे ते या युक्तीमुळे. पहिला दमदार पाऊस झाला की ते बाहेर पडतं आणि नवं पाणी शोधत जमिनीवरून चालू लागतं. आषाढात तुमच्या कुंपणाखालून एखादं आत शिरलं तर ते वाट चुकलेलं नसतं, वाटेला लागलेलं असतं.

आणखी एक शक्यता आहे आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत उन्हाळ्यात तलावांतला गाळ जेसीबीने काढून शेतात नेतात. योजना चांगली आहे, गाळाने माळरानाची जमीन सुधारते. पण कासवाचा मुक्कामही नेमका त्याच वेळी, त्याच गाळात असतो. बादलीभर गाळाबरोबर तेही ट्रॉलीत पडू शकतं आणि कुणाच्या शेतात, कुणाच्या केळीच्या आळ्यात उतरू शकतं. दाजींनी यंदा परसात गाळ टाकला असेल, तर कुदळ मारताना जरा बेताने, असं त्यांना मामाच्या वतीने सांग.

आता करायचं काय? जितकं कमी करशील तितकं बरं. कासव धडधाकट असेल, तर कुत्र्याला बांध, पोरांना घरी पाठव, कुंपणाचं फाटक उघडं ठेव आणि लांबून बघ. अंधार पडला की ते बहुतेक स्वतःच निघून जाईल. रस्त्याच्या मधोमध असेल किंवा ट्रॅक्टरखाली येण्यासारखं असेल तरच उचल, आणि त्याचं तोंड जिकडे होतं त्याच बाजूला, रस्त्यापलीकडे सोड. उलट दिशेला सोडलंस तर ते परत तोच रस्ता ओलांडायला येईल.

उचलण्याची एक रीत आहे. या कासवाची मान वाटते त्याहून बरीच लांब असते आणि ती मागे, पाठीवरही वळते. पुढून किंवा मधोमध धरणाऱ्याचं बोट त्याच्या तोंडात जाणारच. त्यामुळे हाताने उचलूच नको. त्याच्या पुढे घमेलं आडवं टेकव, मागून फळीने हळूच ढकल, ते आपण होऊन आत चढेल. वर ओलं पोतं टाक. शेपटीला धरून तर कधीच उचलायचं नाही. शेपटी पाठीच्या कण्याचाच भाग आहे. उताणंही करायचं नाही. आणि पाठ म्हणजे नुसतं टरफल नव्हे: कासवाच्या बरगड्या आणि कणा त्या कवचाला जुळलेले असतात, तिथे रक्त वाहतं, तिथे दुखतं. म्हणून कवचाला भोक पाडून दोरी बांधणं किंवा रंगाने नाव लिहिणं, हे जिवंत हाडात खिळा ठोकण्यासारखं आहे. कुंकू साध्या पाण्याने हलकेच धुऊन टाक, साबण नको. आजी रागावली तर तिला सांग, नमस्कार लांबूनही पोचतो.

तरी चावलंच, तर हात ओढू नको. ओढलास की ते आणखी घट्ट धरतं आणि कातडं फाटतं. धरलेल्या कासवासकट हात पाण्याच्या बादलीत बुडव, म्हणजे बहुधा ते सोडून पोहायला लागतं. मग जखम साबणाने भरपूर धू आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचार. न चावताही हात धुवायचेच. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात. त्याला काही होत नाही, पण माणसाला जुलाब आणि ताप येतो, लहान पोरांना जास्तच. अमेरिकेत याच कारणाने 1975 साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली, कारण मुलं ती सरळ तोंडात घालत. तुझी धाकटी बहीण अजून सगळंच तोंडात घालते. आणि ती परात स्वयंपाकघरात जाण्याआधी उकळत्या पाण्याने धुतली का, हे ताईला विचार.

तुझ्या संदेशातली शेवटची ओळ मामाला सर्वांत जास्त खटकली. कुणीतरी येऊन ‘वीस नखं असतील तर चांगले पैसे देतो’ म्हणून गेला, असं तू लिहिलंस. वीसनखी कासवाने पैशांचा पाऊस पडतो, या थापेवर महाराष्ट्रात आजवर पुष्कळांना गंडवलं गेलं आहे. तू तुझा फोटो मोठा करून बघ: या कासवाच्या प्रत्येक पायाला तीनच नखं असतात. चार पायांची बारा. टणक पाठीच्या काळ्या कासवाला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार, म्हणजे सहसा अठरा. विसाचा हिशोब जमवायला निघालेला माणूस कासवाला नाही, तुम्हाला फसवायला आलेला असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला तो जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली आला, तो अशाच बुवाबाजीला आळा घालायला. त्या माणसाला कासव दाखवूच नको. पुन्हा आला तर दाजींना पुढे कर आणि पोलिसांना कळवा.

कासव विकत देणं दूर राहिलं, घरात पाळणंही गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. एवढा कडक कायदा कशाला, असं वाटेल, म्हणून एक उदाहरण. जानेवारी 2017 मध्ये उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात पोलिसांनी एकाच ठिकाणी पोत्यांत कोंबलेली 6,400 च्या वर कासवं पकडली. सगळी याच जातीची, तुझ्या परातीतल्यासारखी. त्याच हिवाळ्यात देशभर चाललेल्या ‘ऑपरेशन सेव्ह कूर्म’ मोहिमेत एकूण 15,000 हून जास्त जिवंत कासवं सोडवली गेली. गावोगावचं ‘एकच तर आहे’ जमून ही पोती भरतात.

जखमी असेल तर गोष्ट वेगळी. कुत्र्याने कवच चावलं असेल, चाकाखाली आलं असेल, तोंडात मासेमारीचा गळ अडकला असेल, तर ओल्या पोत्यावर, सावलीत, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेव. पाण्याच्या बादलीत नको. अशक्त झालेलं कासव बुडून मरतं, कारण तेही तुझ्यासारखं नाकाने हवाच घेतं. खायला काही देऊ नको, हळद-तेल लावू नको, गळ ओढू नको. वनविभागाचा 1926 हा क्रमांक लाव आणि ते सांगतील तसं कर.

सोडायची जागा निवडताना विहीर सुचवणारे भेटतील. ‘विहिरीत कासव असलं की पाणी नितळ राहतं’ हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवतात. ते शेवाळ आणि मेलेलं खातं हे खरं, पण उभ्या भिंतींच्या विहिरीतून ते अंडी घालायला जमिनीवर येऊ शकत नाही. प्लॅस्टिक कागदाचं शेततळं त्याहून वाईट. कागदाच्या उतारावर नख टिकत नाही, काठाशी चढत-घसरत ते दमून जातं. तुमच्या शेततळ्याच्या एका कोपऱ्याला जाड दोराची जाळी किंवा एकमेकांना शिवलेली जुनी पोती काठापासून पाण्यापर्यंत सोडून ठेवा. कासवाला उपयोग होईलच, शिवाय मुंगूस, साप, कुत्र्याची पिल्लं आणि देव न करो, पण पाय घसरलेलं माणूसही तिला धरून वर येईल.

पावसाळ्यानंतर परसात मऊ मातीचा उकरलेला ठिपका दिसला आणि खाली गोट्यांसारखी पांढरी गोल अंडी निघाली, तर माती तशीच परत लोट. अंडं घातल्यावर आतला गर्भ कवचाला चिकटतो. ते फिरवलं किंवा उलटं ठेवलं तर गर्भ मरतो. पिल्लं निघायला कित्येक महिने लागतात, तेवढे दिवस तिथे पाळत ठेवायची गरज नाही. चार दगडांचं कोंडाळं करून ‘इथे खणू नये’ एवढं सगळ्यांना सांगितलं की पुरे.

गोगलगायींच्या औषधाबद्दलही सांगायला हवं. 2022 च्या पावसाळ्यात धाराशिव, लातूर, बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हापासून मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरोघरी आल्या. कासव गोगलगायी खातं, आणि विषाने मेलेल्या गोगलगायीही खाईल. परसात या गोळ्या फेकण्याऐवजी संध्याकाळी ओली पोती अंथर, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाक. काम किळसवाणं आहे, पण परसापुरतं पुरतं.

तुझ्या मित्राकडच्या काचेच्या पेटीतल्या हिरव्या कासवाचं मात्र अगदी उलट: ते मोकळं सोडायचं नाही. कानामागे लाल पट्टा असलेलं ते कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. दुकानात ते नाण्याएवढं असतं, पुढे ताटलीएवढं होतं, आणि मग कंटाळलेले मालक त्याला पुण्य म्हणून तळ्यात सोडून देतात. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर परकीय प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ते आपल्या कासवांची जागा आणि खाणं बळकावतं. तुझा मित्र ते तेरणा धरणात सोडायला निघाला तर त्याला अडव आणि त्यासाठीही 1926 लाव.

परातीतलं कासव आज संध्याकाळीच, पोरं नसताना, वालाच्या वेलाखाली जिथे सापडलं तिथेच ठेव, फाटक उघड आणि घरात जा. उद्या सकाळी ते तिथे नसलं तर शोधू नको. आणि नखांच्या गोष्टी सांगणारा तो माणूस पुन्हा आला का, हे मात्र मामाला लगेच कळव.

तुझा,
मामा