दुधाच्या दाढांची कीड

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिच्या खालच्या दोन दाढा काळ्या पडल्यात आणि रात्री दुखतात. सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात, पडणारच आहेत. दवाखान्यात न्यावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : या आठवड्यातच न्या. सासूबाईंचं म्हणणं पुढच्या दातांपुरतं ठीक आहे. ते सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. दाढा मात्र 10 ते 12 वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. त्या लवकर काढल्या तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात आणि खालून येणारे कायमचे दात वेडेवाकडे येतात. रात्री आपोआप दुखतंय, म्हणजे कीड बहुधा नसेपर्यंत पोहोचली आहे. तेव्हा नुसतं सिमेंट भरून भागेल असं वाटत नाही. नसेवर उपचार करून वर स्टीलची टोपी बसवावी लागेल. ती चंदेरी दिसते म्हणून पालक नाक मुरडतात, पण टिकते छान. गालाला सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी जा.

लवंगतेल लावू नका, लहानग्यांच्या हिरड्या भाजतात.

रात्री ब्रश झाल्यावर दूध, बिस्कीट बंद; फक्त पाणी. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, आणि ब्रश तुम्हीच फिरवा. आणखी एक : सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दाढेमागे, कुठलाही दात न पडता, नवी दाढ उगवते. ती कायमची असते; पुष्कळ घरांत तिलाही दुधाचीच समजतात.