जुने मीटर आणि व्हॉल्व्ह घेताना

चोरबाजारात जुना विमानी मीटर, लष्करी टॉगल स्विच किंवा व्हॉल्व्ह (इलेक्ट्रॉनिक उपकरणातली काचेची नळी) हाती लागला, तर भाव विचारण्याआधी एवढं करा.

पहिल्यांदा तबकडी नीट पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि पुढेही काही वर्षं आकडे, काटे आणि स्विचांची टोकं अंधारात दिसावीत म्हणून किरणोत्सारी रेडियमच्या रंगाने रंगवत. हा रंग आता पिवळट-तपकिरी पडलेला असतो. काटा वर्षानुवर्षं एकाच जागी राहिला असेल, तर त्याच्याखाली करपल्यासारखा डागही दिसतो. ‘चमकत नाही, म्हणजे संपलंय’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. निकामी होतं ते रंगातलं चमकणारं झिंक सल्फाइड, रेडियम नव्हे. रेडियम-226चं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं आहे.

गायगर काउंटर असेल, तर आधी दुकानापासून लांब दोन-तीन मिनिटं परिसराचा आकडा घ्या. मग काउंटर काचेजवळ धरा आणि हळूहळू हातभर मागे घ्या. जवळ आकडा चढला आणि मागे येताच झपाट्याने उतरला, तर वस्तू किरणोत्सारी आहे.

व्हॉल्व्हच्या बाबतीत मात्र काउंटरच्या भरवशावर राहू नका. काही व्होल्टेज रेग्युलेटर आणि स्पार्क गॅप नळ्यांत किरणोत्सारी निकेल-63 असतं आणि त्याचे क्षीण बीटा किरण काचेबाहेर येतच नाहीत. नळीवरचा क्रमांक वाचून उत्पादकाची डेटाशीट शोधा, किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह आहे का पाहा.

काच तडकलेली असेल किंवा आत रंगाची पूड सांडलेली असेल, तर फुकटही घेऊ नका. खरा धोका ती धूळ श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाण्याचा. म्हणूनच धड मीटरही साफ करायला उघडू नये, रंग खरवडू नये. रेडियममधून रेडॉन वायू निघतो, तेव्हा असे मीटर उशाशी किंवा बंद कपाटात न ठेवता हवेशीर जागी ठेवा. मुलांचा हात पोचू देऊ नका.

घरात फुटलंच, तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. हातमोजे घालून ओल्या कागदाने टिपा, सगळं दुहेरी पिशवीत बांधा, हात साबणाने धुवा.

शिशाचं अस्तर असलेलं जड, बंद यंत्र दिसलं तर त्याला हातही लावू नका. 2010 साली दिल्ली विद्यापीठाचं असंच एक जुनं यंत्र मायापुरीच्या भंगारबाजारात फोडलं गेलं; आतल्या कोबाल्ट-60मुळे एका कामगाराचा जीव गेला. अशी वस्तू दिसली किंवा घरात निघाली, तर भंगारवाल्याला देऊ नका. मुंबईत अणुशक्तीनगरला अणुऊर्जा नियामक मंडळाचं मुख्यालय आहे, तिथे कळवा.