आधी बघा, मग धुवा

काकांची येझदी साताऱ्याच्या घरी जिन्याखाली अकरा वर्षं पडून होती. पिस्टन चिकटलेला, किक जागची हलेना. बोअरमध्ये डिझेल ओतून चार दिवस मुरू दिलं, इंजिन उघडलं आणि पहिला उद्योग काय केला, तर सगळे भाग डिझेलमध्ये बुडवून लख्ख घासले. शेजारी बघून गेले, मीही खूश.

घोडं पेंड खात होतं ते तिथेच. पिस्टनवर ओरखडे दिसले म्हणून बोअर करून ०.५० ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा टाकल्या. गाडी झकास सुरू झाली. तीनेकशे किलोमीटरनंतर, पुण्याहून परतताना, खंबाटकीच्या चढावर मागचं चाक एकदम अडकलं. क्लच दाबायला सुचलं म्हणून वाचलो.

दुसऱ्यांदा उघडताना कशालाच फडकं लावलं नाही. प्लग पांढराफटक. उजवीकडे डायनामोच्या खोलीत, क्रँकच्या सीलखाली, तेलाचा काळा ओघळ. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचा चेंबर हवा ओढतो, दाबतो आणि वर ढकलतो. तिथलं सील गेलं की फुकटची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं आणि त्यात मिसळलेलं टूटी तेलही. इंजिन तापतं, पिस्टन चिकटतो. डावीकडचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं तेल ओढलं जाऊन पांढरा धूर येतो. तो ओघळ पहिल्या वेळीही असणारच. मीच पुसला होता.

म्हणून आता प्लग आधी काढून बघतो. गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळतो. चकाकणारा चुरा दिसला तर बेअरिंग किंवा गिअर तपासायचे. ब्लॉक सरळ वर उचलायचा, पिळायचा नाही. रिंगेचं टोक पोर्टमध्ये अडकून तुटतं. पिस्टनची लॉक काढण्याआधी चेंबरच्या तोंडात चिंधी कोंबा, नाहीतर ते तारेचं वेटोळं नेमकं आत जातं. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा: बाजूला थोडी हालचाल चालते, उभी अजिबात नाही. चेंबरच्या सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. तिथला चरा म्हणजे पुन्हा हवेची गळती. आणि सील? रबर पडून पडूनही कडक होतं. किलोमीटर कितीही कमी असोत, दोन्ही नवीनच घाला.

एवढं झालं की खुशाल धुवा. फक्त धुतलेलं कोरडं बेअरिंग हवेच्या प्रेशरने गरगर फिरवू नका. आवाज मोठा गोड येतो, पण बेअरिंग त्यातच खराब होतं.